सदुसष्टावा रुग्ण

कॅन्सर आपोआप बरा होतो का? जवळजवळ कधीच नाही. या ‘जवळजवळ’ शब्दामागे डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी सगळं आयुष्य घातलं.

१९६८ साली ते अमेरिकेत बॉस्टनमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात शिकाऊ सर्जन होते. पित्ताशयाच्या दुखण्यासाठी एक रुग्ण आला. जुने कागद काढून पाहिले, तर बारा वर्षांपूर्वी त्याचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला, सगळा काढणं अशक्य, म्हणून पोट शिवून घरी पाठवलेलं. पुढे काहीच उपचार नाहीत. असा माणूस काही महिन्यांत जातो. हा बारा वर्षांनी चालत आला होता! पित्ताशय काढताना रोझेनबर्ग यांनी यकृत चाचपून पाहिलं. कॅन्सरचा मागमूस नव्हता.

आपल्याकडे कुणी नवस पावला म्हटलं असतं. रोझेनबर्ग यांनी परवानगी घेऊन त्या माणसाचं रक्त जठराच्याच कॅन्सरच्या दुसऱ्या रुग्णाला दिलं. उपयोग शून्य. पण प्रश्न राहिला: या शरीरानं कॅन्सर मारला, तो कशानं?

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी गस्त घालत असतात. बाहेरचा जंतू त्या चटकन ओळखतात. कॅन्सरची पेशी मात्र आपलीच, बिघडलेली. घरचा भेदी ओळखणं कठीण, आणि ओळखला तरी तुटून पडायला पुरेशा पेशी नसतात.

१९७४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, रोझेनबर्ग अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी त्याच संस्थेत इंटरल्युकिन-२ हे शरीरातलंच प्रथिन सापडलं. त्यानं टी-पेशी भराभर वाढतात. मग कधी हे प्रथिन, कधी वाढवलेल्या पेशी असं रुग्णांना देणं सुरू झालं. एक, दोन, दहा, वीस... पहिल्या सहासष्ट रुग्णांपैकी एकालाही गुण आला नाही.

या आकड्यापाशी मला थांबावंसं वाटतं. प्रयोगाची जोखीम समजून या सहासष्ट जणांनी आपलं शरीर पुढे केलं. पुरस्कारांच्या यादीत त्यांची नावं सापडायची नाहीत.

१९८४ मध्ये सदुसष्टावा रुग्ण आला: नौदलात काम करणारी तेहेतीस वर्षांची स्त्री, मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर शरीरभर पसरलेला. तिला इंटरल्युकिनची मात्रा खूप वाढवून दिली. फुप्फुसांत पाणी साठलं, श्वास थांबण्यापर्यंत वेळ आली. ती वाचली, आणि काही महिन्यांत गाठी नाहीशा झाल्या. पुढे पंचवीसहून अधिक वर्षं कॅन्सर परतला नाही.

अमेरिकेत हे औषध १९९२ साली मूत्रपिंडाच्या आणि १९९८ साली मेलॅनोमाच्या कॅन्सरसाठी मान्य झालं. पण मेलॅनोमाच्या शंभर रुग्णांत जेमतेम सोळा जणांच्या गाठी आकसत, आणि सहा जणांच्याच पूर्ण जात. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हे ‘सहा’ कधी येत नाहीत.

माझ्याकडे येणारे नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायला काढा दिला तर चालेल का?” नाव सारखं, म्हणून गोष्ट एक नव्हे. इम्युनोथेरपीत नेमक्या पेशींना नेमकं लक्ष्य दाखवलं जातं, आणि त्या उधळल्या तर रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. काढ्यानं हे होत नाही. चालू उपचारांत अडथळा मात्र येऊ शकतो.

रोझेनबर्ग यांनी गाठीतच शिरलेल्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, परत देण्याची पद्धत १९८८ साली जाहीर केली. तिच्यावर आधारलेल्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली फेब्रुवारी २०२४ मध्ये. छत्तीस वर्षं! दरम्यान टी-पेशींमध्ये नवं जनुक घालून त्यांना लक्ष्य ओळखायला लावणारी कार-टी पद्धत आली. त्यांच्या संस्थेनं ती लिम्फोमाच्या रुग्णावर वापरल्याचं २०१० साली प्रसिद्ध केलं.

मुंबईच्या आयआयटीनं टाटा मेमोरियलच्या साथीनं तयार केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. या कामी अमेरिकेतल्या त्याच संस्थेतल्या तज्ज्ञांचा सल्ला मिळाला होता. काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, इतर उपचार थकल्यावर तो देतात. किंमत अमेरिकेतल्या कार-टीच्या सुमारे एक दशांश; तरी ती लाखांतच मोजावी लागते, आणि आमच्या बहुतेक रुग्णांचा पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो.