पोटात कावळे ओरडतात तेव्हा

तंजावर जिल्ह्यातलं पापनाशम हे कावेरीच्या खोऱ्यातलं, भातशेतीचं गाव. या मुलखात रात्री उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवतात आणि सकाळी ताक-मीठ कालवून छोट्या कांद्यांबरोबर खातात. पळैय सादम म्हणतात त्याला. रात्रभर जिवाणू त्या भाताला आंबवत असतात आणि सकाळी सगळं घर तो चवीनं खातं.

हेच आंबवणं भांड्याऐवजी लहान आतड्यात सुरू झालं तर? पोट टम्म फुगतं, गॅस धरतो, जुलाब लागतात, कधी वजनही उतरतं. लहान आतड्यात जिवाणूंची अशी बेसुमार वाढ होते तेव्हा डॉक्टर तिला ‘सिबो’ म्हणतात. हल्ली हा शब्द घरच्या गप्पांतही ऐकू येऊ लागला आहे.

पण मला विचाराल, तर सिबो होतो यापेक्षा तो सगळ्यांना होत नाही, हेच मोठं नवल! मोठ्या आतड्यात एका ग्रॅममागे सुमारे १०० अब्ज जिवाणू नांदतात. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र एका मिलिलिटरमागे बहुधा हजारसुद्धा नसतात. नळी एकच, सलग. वरच्या भागातही ऊब आहे, ओल आहे आणि ताजं अन्न तर तिथंच आधी पोचतं. मग जिवाणू तिथं ठाण मांडून का बसत नाहीत?

जठरातलं आम्ल बरेच जिवाणू मारतं, पित्तरस काहींना आवरतो, दोन आतड्यांमधली झडप खालच्यांना वर येऊ देत नाही. पण खरी कमाल घडते ती उपाशीपोटी. जेवण पुढे सरकलं की साधारण दर दीड-दोन तासांनी जठरातून आकुंचनाची एक जोरदार लाट निघते आणि लहान आतडं झाडत झाडत खालपर्यंत जाते. अन्नाचे उरलेले कण, मेलेल्या पेशी, जिवाणू, सगळं पुढे ढकललं जातं. पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो ना? ती गुडगुड पुष्कळदा या झाडलोटीचीच असते! आणि घास पोटात गेला, की झाडू थांबतो.

जोसेफ झुर्झेव्स्की यांनी १९६९ साली कुत्र्यांच्या आतड्यात या लाटेची विद्युत नोंद टिपली. १९७७ मध्ये बेल्जियमच्या गॅस्टन व्हॅनट्रॅपन आणि सहकाऱ्यांना असे काही रुग्ण आढळले, ज्यांच्यात ही लाट नव्हती किंवा पार विस्कटलेली होती. त्यांच्याच लहान आतड्यात जिवाणू माजले होते.

आतड्यात इतक्या आत काय चाललंय, ते ओळखायचं कसं? श्वासावरून! माणसाच्या पेशींना हायड्रोजन वायू बनवता येत नाही. श्वासात तो सापडला, तर तो आतल्या जिवाणूंनी बनवलेला असतो आणि रक्तातून फुप्फुसात आलेला असतो. म्हणून रुग्णाला ग्लुकोजचं पाणी पाजून ठरावीक वेळानं नळीत फुंकायला लावतात. ग्लुकोज एरवी वरच्या वरच शोषलं जातं. तरीही श्वासात हायड्रोजन वाढला, तर वरच कुणीतरी त्यावर डल्ला मारलाय.

पापनाशमजवळचीच म्हणावी अशी, म्हणजे तमिळनाडूतलीच, एक कहाणी मला याहूनही विलक्षण वाटते. १९६० च्या दशकात वेल्लोरच्या आसपासच्या खेड्यांत ‘स्प्रू’च्या साथी आल्या. जुलाब थांबेनात, माणसं खंगू लागली, खाल्लेलं अंगी लागेना. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन या आजाराच्या मागे लागले. रुग्णांशी तुलना करायला निरोगी गावकऱ्यांचीही आतडी तपासली, तेव्हा पाश्चात्त्य माणसांच्या मानानं त्यांच्या लहान आतड्यातही जिवाणू जास्तच निघाले. तरी ती माणसं ठणठणीत!

पुढचं तर ऐकाच. लहान आतड्यात माजलेले जिवाणू आपल्या वाट्याचं बी-१२ जीवनसत्त्व पळवतात, हे ठाऊक होतं. पण १९८० साली एम. जे. आल्बर्ट, मथन आणि बेकर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की निरोगी दक्षिण भारतीयांच्या लहान आतड्यातले काही जिवाणू चक्क बी-१२ तयार करतात. मोठ्या आतड्यातलेही ते बनवतात, पण बी-१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे मोठ्याच्या अलीकडे. म्हणून मोठ्या आतड्यात बनलेलं आपल्या फारसं कामी येत नाही. वरच्या मजल्यावर बनलेलं मात्र येऊ शकतं!

मग जिवाणू ‘जास्त’ कधी म्हणायचे? नुसत्या आकड्यावरून ते ठरत नाही. त्रास, इतिहास आणि तपासणी एकत्र ठेवूनच डॉक्टर निदान करतात. पोट फुगलं म्हणजे सिबो झाला, असं नाही. पण मधुमेह जुना असेल, आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील आणि त्यात फुगणं, जुलाब किंवा बी-१२ची कमतरता दिसत असेल, तर हे सगळं डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि कुणाच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक मात्र सुरू करू नका.