गाडीतला निरोप्या

मोठ्या आवाजाचा माणूस दुरून हाक मारतो ती आपल्याला ऐकू येते, पण आपला ‘ओ’ त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणीबाणीच्या सेवांमधल्या बिनतारी संदेशांची मूळ अडचण हीच आहे. मी अभियंता नाही की पोलीसही नाही. या विषयावरची माहितीपत्रके आणि चौकशी अहवाल वाचत गेलो, तसे कळत गेले की इथे ऐकू येण्यापेक्षा ऐकले जाणे अवघड असते.

अमेरिकेतल्या विरळ वस्तीच्या भागातला गस्तीचा पोलीस घ्या. त्याच्या गाडीतल्या वायरलेस संचाची शक्ती साधारण २५ ते ५० वॅट, अँटेना टपावर. पण तो उतरून एखाद्या घरात शिरला की हाती उरतो कमरेचा वॉकीटॉकी, सुमारे ५ वॅटचा आणि आखूड अँटेनाचा. दूरच्या मनोऱ्याचे जोरकस प्रक्षेपण त्याला ऐकू येऊ शकते. त्याची ‘मदत पाठवा’ ही हाक मात्र वाटेतच विरते.

यावरचा उपाय म्हणजे गाडीतला रिपीटर. वॉकीटॉकीला आता मनोरा गाठायचा नसतो, दारातली गाडी गाठायची असते. रिपीटर ते बोलणे टिपतो आणि त्याच क्षणी गाडीतल्या मोठ्या संचामार्फत पुढे धाडतो. पेच असा, की एकाच गाडीवर एक अँटेना कुजबुज ऐकत असतो आणि शेजारचा ओरडत असतो. म्हणून दोन टप्प्यांसाठी दूरदूरच्या कंपनसंख्या वापरतात: उदाहरणार्थ, एकीकडे ४५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास, दुसरीकडे १५०च्या. त्या जवळ असतील तर मध्ये फिल्टर लागतात.

दुसरा पेच गर्दीचा. घटनास्थळी पाच गाड्या जमल्या आणि पाचही रिपीटरांनी एकच हाक एकदम पुढे पाठवली, तर मनोऱ्यापर्यंत नुसता गोंगाट पोचेल. त्यामुळे त्यांच्यात क्रम ठरलेला असतो. एकच बोलतो, बाकीचे आपला क्रमांक धरून गप्प राहतात. बोलणारी गाडी निघून गेली, की पुढच्या क्रमांकाची काम हाती घेते.

यंत्राचे इतके जमले, तरी माणसाचे उरते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अग्निशमन दलासाठी रिपीटर होता. तो गाडीतला नव्हे, संकुलातच बसवलेला होता, तत्त्व तेच. चौकशी आयोगाच्या अहवालानुसार तो चालू करणारे बटण दाबले गेले होते. पण उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावरच्या मुख्य हँडसेटवरून बोलण्यासाठी दुसरे बटण दाबावे लागे, ते दाबलेच गेले नाही. चाचणीत आवाज पोचेना, तेव्हा अधिकाऱ्यांनी रिपीटर बंद आहे असे मानले आणि त्या मनोऱ्यात तो वापरला नाही. दक्षिण मनोऱ्यात तोच रिपीटर काम देत होता. दक्षिण मनोरा ९.५९ला कोसळल्यावर उत्तर मनोऱ्यातून बाहेर पडण्याचे आदेश निघाले. ते तिथल्या साऱ्या जवानांना ऐकू आले नाहीत. १०.२८ला तो मनोराही कोसळला.

त्या आदेशांच्या आड एकटा रिपीटरच आला असे नव्हे. गर्दीने भरलेल्या वाहिन्याही होत्या. तरी या अहवालानंतर रिपीटरचे माहितीपत्रक हाती आले, की मी वॅटचा आकडा आधी पाहत नाही. यंत्र चालू आहे हे गाडीबाहेरच्या माणसाला कशावरून कळते, ते आधी शोधतो.