नीवाराचें ऋण

ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें अन्न खावयाचें नाहीं, हा नेम आपल्या घरांतील वडील बायका निष्ठेनें पाळीत. त्या दिवशींच्या ताटांत आपोआप उगवलेल्या देवभातास मान असे. संस्कृत काव्यांत तपोवनांतील ऋषींचें अन्न म्हणून जो नीवार वर्णिला आहे, तोही रानभातच. या उपेक्षित तृणानें कोट्यवधि लोकांच्या मुखांतील घांस वांचविला, ही हकीकत मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथें १९६० सालीं आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्था स्थापन झाली. तिनें १९६६ सालीं आय. आर. ८ ही ठेंगणी, भरघोस पिकणारी जात काढली, आणि आशियांतील असंख्य शेतांत जुन्या वाणांच्या जागीं अशाच नव्या जाती दिसूं लागल्या. पण गोतावळा जवळचा, म्हणून दुबळेपणाही एकच! १९७० च्या सुमारास तपकिरी तुडतुड्यांनीं पसरविलेल्या एका विषाणुरोगानें रोपें खुजीं होऊन गवतासारखीं फुटूं लागलीं. लोंब्या मात्र येईनात.

संस्थेनें सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रीत सरळ, पण चिकाटीची: प्रत्येक वाणाचीं रोपें वाढवावयाचीं, त्यांवर रोगवाहक तुडतुडे सोडावयाचे, आणि कोण तगतें तें टिपावयाचें. टिकाव धरला तो १९६३ सालीं उत्तर प्रदेशांत गोळा केलेल्या एका रानभातानें. त्याच्या जातीस शर्मा व शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं नीवारावरूनच ‘ओरायझा निवारा’ हें नांव दिलें होतें. डॉ. गुरुदेव खुश व त्यांचे सहकारी यांनीं पुनःपुन्हा संकर करून त्याचा गुण लागवडीच्या भातांत उतरविला. १९७६ सालच्या आय. आर. ३६ मध्यें तो होता. ही जात पुढें एक कोटि हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पिकली.

तात्पर्य, संग्रह व परीक्षा हीं एका रथाचीं दोन चाकें होत. नमुन्यासोबत गांव, जमीन व स्थानिक नांव टिपलें पाहिजे. रोपाची उंची, फुलोऱ्याचे दिवस, दाणा, सुवास हीं पाहिलीं पाहिजेत. आतां डी. एन. ए. वरूनही वाणांचें नातें ताडतां येतें. एरवीं शीतगृहांतील बियाणें म्हणजे नांव नसलेल्या बरण्याच!

आपल्या गांवाकडील शेतांत आंबेमोहोर, घनसाळ किंवा एखादा अनामिक वाण अद्यापि असेल, तर त्याची माहिती घरांतील वृद्धांकडून आजच लिहून घ्यावी व दरसाल थोडा तरी पेरावा. उद्यांचा नीवार कोणता, हें आज कोण सांगणार?