डोळ्यांना न दिसणारे आभाळ

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला नक्षत्रांची ओळख करून द्यावी लागत नाही. मृग लागला की पेरणीची घाई सुरू होते. आर्द्राचा पाऊस किती झाला याची पारावर चर्चा होते. हिवाळ्यात कपाशी-तुरीचे पीक रानडुकरांपासून राखायला जागलीला गेलेला शेतमजूर रात्र किती उरली हे आभाळ पाहूनच सांगतो. सप्तर्षींना आपली म्हातारी माणसे बाज म्हणतात. चार तारे बाजेचे पाय आणि मागचे तीन चोर! ज्यांच्या घरात घड्याळ नव्हते, त्यांचे हेच घड्याळ होते.

पण वाचकहो, आपल्याला जे आभाळ दिसते ते पूर्ण नाही. त्याचा फार मोठा भाग माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही. तो पाहण्यासाठी भारताने एक वेधशाळा अंतराळात पाठवली आणि तिची महत्त्वाची यंत्रे आपल्या मुंबईत आणि पुण्यात घडली. ही गोष्ट आपल्या घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी अवश्य समजून घ्यावी.

लोहाराची भट्टी आणि ताऱ्याचा रंग

लोहार नांगराचा फाळ भट्टीत तापवतो तेव्हा लोखंड आधी लालबुंद होते. भाता जोरात चालवला की ते पिवळे होते आणि आणखी तापले की पांढरे दिसू लागते. ताऱ्यांचेही तसेच आहे. मृग नक्षत्राजवळचा आर्द्रा हा तारा तांबूस दिसतो, कारण त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेतीन हजार अंश आहे. आपला सूर्य साडेपाच हजार अंशांचा आहे. मृगाच्या दुसऱ्या टोकाचा राजन्य हा तारा निळसर पांढरा आहे आणि त्याचे तापमान बारा हजार अंशांच्या आसपास आहे. म्हणजे रंग पाहून ताऱ्याची उष्णता ओळखता येते.

मग याहूनही तप्त वस्तू असली तर? तिचा बहुतेक उजेड निळ्याच्याही पलीकडे जातो. त्याला अतिनील किरण म्हणतात. लाखो-कोटी अंशांपर्यंत तापलेला वायू तर क्ष-किरण, म्हणजे एक्स-रे बाहेर टाकतो. सेवाग्रामच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढतात, त्याच जातीचे हे किरण. आपल्या पृथ्वीभोवतीची हवा हे क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण वरच्या वर अडवते. म्हणून तर आपण जिवंत आहोत! पण त्यामुळेच जमिनीवरच्या कितीही मोठ्या दुर्बिणीला विश्वाचा हा तप्त भाग दिसू शकत नाही. त्यासाठी हवेच्या वर जावे लागते.

मुंबई-पुण्याचे डोळे

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून इस्रोने अॅस्ट्रोसॅट नावाची वेधशाळा सोडली. तिचे वजन १५१५ किलो. जमिनीपासून ६५० किलोमीटर उंचीवर ती विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीभोवती फिरते. एका फेरीला सुमारे शंभर मिनिटे लागतात. क्ष-किरण पाहणारी दुर्बीण मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. अतिनील दुर्बीण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने इतर संस्थांच्या साहाय्याने बांधली आणि त्यात पुण्याच्या आयुकाचा वाटा होता. आयुका ही संस्था १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली.

क्ष-किरणांची दुर्बीण बनवणे सोपे नव्हते. हे किरण साध्या आरशावर सरळ पडले तर परत फिरत नाहीत, आरशातच जिरतात. नदीच्या पाण्यावर चपटा दगड तिरपा फेकला तर तो उड्या मारत जातो आणि सरळ टाकला तर बुडतो. तसेच या किरणांचे आहे. म्हणून सोन्याचा पातळ मुलामा दिलेले आरसे नळकांड्यांसारखे एकात एक बसवले. त्यांना घासून जाणारे किरण पुढे एका बिंदूवर गोळा होतात.

या वेधशाळेकडून पाच वर्षे कामाची अपेक्षा होती. तिचा एक अतिनील विभाग २०१८ साली बंद पडला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये तिने आभाळात दहा वर्षे पूर्ण केली.

कोटी अंशांचा वायू

आपला सूर्य हा आकाशगंगा नावाच्या प्रचंड तारकासमूहातला एक तारा. असे समूह, म्हणजे दीर्घिका, विश्वात अब्जावधी आहेत. शेकडो दीर्घिकांचे जथेही असतात. दोन दीर्घिकांमधली जागा रिकामी असावी असे डोळ्यांना वाटते. क्ष-किरणांनी पाहिले तर ती जागा एक ते दहा कोटी अंश तापलेल्या वायूने भरलेली दिसते. जथ्याच्या गुरुत्वाकर्षणाने वायू आत ओढला जातो, कण एकमेकांवर आदळतात आणि तापतात. हा वायू इतका विरळ असतो की एका घनमीटरात जेमतेम हजारभर कण सापडावेत. पण जागा एवढी अफाट आहे, की त्या जथ्यातल्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनाहून या वायूचे वजन जास्त भरते! विश्वातला हा एवढा मोठा ऐवज हवेच्या वर गेल्याशिवाय माणसाला कळलाच नसता.

अमेरिकेने १९९९ साली सोडलेल्या क्ष-किरण वेधशाळेला भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून चंद्रा असे नाव दिले आहे. ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकांच्या जथ्यात या चंद्राला तप्त वायूवर उठलेले तरंग दिसले. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तसे. मधल्या दीर्घिकेतील कृष्णविवराने हे तरंग उठवले आहेत.

अठ्ठावीस तास आणि दोन वर्षे

आपल्या अॅस्ट्रोसॅटने काय कमावले? ध्रुवताऱ्याजवळच्या एका जुन्या तारकागुच्छात एक तारा वयाने म्हातारा असून तरुण दिसत होता. त्याने शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतला होता. लुटल्या गेलेल्या शेजाऱ्याचा तप्त गाभा अॅस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीने पकडला. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि ते करणाऱ्या डॉ. अन्नपूर्णी सुब्रमण्यम पुढे बंगळुरूच्या संस्थेच्या संचालक झाल्या.

आयुकाचे डॉ. कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतून निसटलेला अतितीव्र अतिनील उजेड शोधला. तो उजेड निघाला तेव्हा आपला सूर्य जन्मलासुद्धा नव्हता. विश्वाच्या बालपणी सगळीकडे पसरलेले हायड्रोजनचे धुके कशाने विरले, या प्रश्नाचा एक धागा यातून हाती लागतो. अमेरिकेच्या हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, आपल्या दुर्बिणीचा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा. तरी हे काम आपल्या दुर्बिणीने केले. निरीक्षण ऑक्टोबर २०१६ मध्ये अठ्ठावीस तासांहून जास्त चालले आणि त्या माहितीची छाननी करायला जवळजवळ दोन वर्षे लागली. शोधनिबंध २०२० साली छापून आला. दुर्बीण नुसते आकडे पाठवते. त्यांतून अर्थ काढण्याला चिकाटी, गणित आणि संगणक लागतो.

मूळ नक्षत्राची मुलगी

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, असे म्हणून कितीतरी मुलींची लग्ने मोडली गेली. मूळ नक्षत्र म्हणजे वृश्चिकाच्या शेपटीकडचे तारे. आपल्या आकाशगंगेचे केंद्र त्याच बाजूला, २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तिथे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आणि त्याच्याभोवती तप्त वायू आहे. त्या दूरच्या ताऱ्यांना आपल्या गावातल्या कोणत्या मुलीचे लग्न ठरले याची काय खबर? मुलीला नक्षत्राचे भय घालण्यापेक्षा नक्षत्राची माहिती द्यावी.

आपल्या मुलांनी काय करावे

अॅस्ट्रोसॅटने जमवलेली माहिती इस्रोने सप्टेंबर २०१८ पासून सर्वांसाठी खुली केली आहे. ती वाचायला श्रीमंती लागत नाही, शिक्षण लागते. दहावीनंतर गणित अवघड म्हणून, किंवा ही कामे आपल्यासारख्यांची नव्हेत असे कोणी म्हटले म्हणून, विज्ञान सोडू नका. बारावी विज्ञान, मग भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी. एस्सी., एम. एस्सी. आणि त्यानंतर प्रवेश परीक्षा देऊन आयुका किंवा टाटा संस्थेत संशोधन, असा रस्ता आहे. संशोधन करताना दरमहा विद्यावेतनही मिळते. त्याआधीच्या शिक्षणासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृह आणि स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात वेळेवर करावी. आयटीआयच्या मुलांनीही मागे राहू नये. दुर्बिणीचे सुटे भाग कार्यशाळेतच घडतात आणि तिथे टर्नर, फिटर यांचे हात लागतात. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. वर्ध्याहून एका दिवसात जाऊन येता येते. शाळेने सहल काढावी, नाहीतर चार घरांनी मिळून जावे.

आणि मायबापहो, तोपर्यंत एवढे करा. डिसेंबरात जेवणे आटोपली की मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो. लेकरांना अंगणात घेऊन जा. तांबूस आर्द्रा आणि निळसर राजन्य दाखवा आणि विचारा, यातला जास्त गरम कोणता? उत्तर चुकले तर लोहाराची भट्टी आठवून द्या.