वायूचे प्रसरण आणि थंडीचा तळ

वैशाखात पहाटे २० अंश सेल्सिअस असलेली खोली दुपारी ४० अंशांवर गेली असे समजू. खिडक्या उघड्या असल्याने आतला दाब बाहेरच्याइतकाच राहतो. हवा मात्र प्रसरण पावते आणि पहाटेच्या हवेचा सुमारे सोळावा हिस्सा आपल्या नकळत खिडकीवाटे निघून जातो. हा हिशेब कसा बसतो?

फ्रान्समधील गे-ल्युसॅक याने १८०२ साली दाखविले की, दाब कायम असता निरनिराळे वायू उष्णतेने सारख्याच प्रमाणात फुगतात. चार्ल्स याला हे १५ वर्षे आधीच आढळले होते. त्याने ते प्रसिद्ध केले नव्हते. गे-ल्युसॅकने ही गोष्ट प्रांजळपणे नमूद केली, म्हणूनच आपण आज ‘चार्ल्सचा नियम’ म्हणतो.

शून्य अंशाला असलेल्या घनफळाच्या सुमारे १/२७३ एवढी वाढ दर अंशामागे होते. शून्याला २७३ घनसेंटिमीटर असलेली हवा २० अंशांना २९३ आणि ४० अंशांना ३१३ घनसेंटिमीटर होते. ३१३ पैकी वाढलेले २० बाहेर जातात. हाच तो सोळावा हिस्सा.

आता उलट मोजू. उणे २७३ अंशांना घनफळ शून्यच व्हावयास हवे! तसे घडत नाही. ऑक्सिजन तर उणे १८३ अंशांनाच द्रवरूप होतो. मग नियम खोटा काय? नव्हे. त्याने दाखविलेला थंडीचा तळ खरा आहे. आज आपण तो उणे २७३.१५ अंशांवर मानतो. नियमाची मर्यादा आपण ओळखावी. पण तो जिकडे बोट दाखवितो, तिकडे पाहावयास चुकू नये.