चाई लागली? आधी बिब्बा दूर ठेवा!

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला चाई म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक, पावसाळ्यात रानात चढणारा चाईचा वेल. त्याचा मोहोर आणून आपण भाजी करतो. दुसरी, डोक्यावरची चाई. केसात अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो आणि घरातलं वातावरणच बदलतं. पोरीचं लग्न जमायचं असेल तर आई तिचा पदर डोक्यावरून खाली येऊ देत नाही. शाळकरी पोराला मुलं टक्कल्या म्हणून चिडवतात. मग कोणी म्हणतं किडा लागला, कोणी म्हणतं बाहेरचं आहे. आणि औषध म्हणून पहिलं नाव येतं ते बिब्ब्याचं.

वाचकहो, बिब्बा राहू द्या. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. फोड येतो, जखम चिघळते आणि व्रण पडला तर केसांचं मूळच मरतं. चाईत मूळ मेलेलं नसतं, नुसतं निजलेलं असतं. म्हणजे जो केस आपसूक परत आला असता, तो आपणच कायमचा घालवतो. गुंज उगाळून लावणंही तसंच. गुंजेचं बी विषारी आहे, जखमेवर तर ती मुळीच लागता कामा नये.

केस गळण्याचे प्रकार वेगळे

पहिली गोष्ट लक्षात घ्या. केस गेले म्हणजे सगळ्यांना एकच आजार झाला असं नाही. उजेडात बसून चट्टा नीट पाहा.

चट्टा गोल, गुळगुळीत असेल, खाज नाही, कोंडा नाही, तर ती बहुधा चाई. ही कीड नव्हे आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाही. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. छोटा चट्टा असेल तर पुष्कळदा वर्षभरात केस आपोआप येतात.

चट्ट्यावर खवले आहेत, खाज आहे, केस मध्येच तुटलेत, तर ते डोक्यातलं गजकर्ण. हे लहान मुलांत जास्त होतं आणि एकाच्या फणीवरून, टोपीवरून, उशीवरून दुसऱ्याला लागतं. आश्रमशाळेत, वसतिगृहात म्हणूनच फण्या वेगळ्या हव्यात. याला नुसतं तेल किंवा मलम पुरत नाही, डॉक्टरांच्या गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात.

चट्टा नाही, पण विंचरताना झुबकेच्या झुबके येतात? मग दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं आजारपण झालं होतं का? त्याचा फटका केसांना इतका उशिरा बसतो. असे केस बहुधा सहा महिन्यांत भरून येतात. ताप नव्हता, पण दम लागतो, डोळे पांढरट दिसतात, तर रक्त कमी असेल. थायरॉइडच्या दोषानेही केस जातात.

आणि भुवया विरळ होऊन अंगावर बधिर चट्टा दिसत असेल तर लाजू नका. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, वेळेत घेतलं की रोग पूर्ण बरा होतो.

ताटात काय आहे?

खाण्याने चाई बरी होते असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण रक्त कमी असल्याने जाणारे केस मात्र ताटाशी जोडलेले आहेत. बाईमाणसाला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागतं. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसतं, तेवढ्याच नाचणीत साडेचारच्या आसपास असतं. आपल्या वरकस जमिनीवर नाचणी, वरई, खुरासणी होत होती. नाचणीची भाकरी हे गरिबाचं अन्न म्हणून आपण मागे सारलं आणि भातावर भात वाढत गेलो.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचं तर आणखी कठीण. सहा-सहा महिने भात, मिरची नि चहा. पावसाळ्यात रानात मिळणारा टाकळा, कुर्डू, चिंबोरी भट्टीवर कुठून येणार? तिथेही निदान मूठभर वाल किंवा चणे, थोडं सुकट किंवा जवळा, आठवड्याला दोन अंडी जमवावीत. केस प्रथिनांचाच बनलेला असतो. शेवग्याचा पाला फुकट मिळतो, तो वरणात टाका. जेवणावर लिंबू पिळा किंवा आवळा खा, लोह अंगी लागतं. जेवताना लगेच चहा मात्र घेऊ नका, चहा लोह अडवतो. गरोदर आणि बाळंत बायांना आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या फळीवर ठेवण्यासाठी नसतात, हेही सांगायला हवं.

जास्त झालं तरी घात

याची दुसरी बाजू बुलढाणा जिल्ह्याने दाखवली. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. १८ गावांत २७९ जणांची नोंद झाली. आधी बुरशी म्हणाले, मग पाण्यावर संशय गेला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गव्हाचे नमुने तपासून घेतले. त्यात किलोमागे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, आणि रेशनवर बाहेरून आलेला हा गहूच कारण असल्याचं त्यांनी मांडलं. रुग्णांच्या अंगात जस्त कमी होतं, तेही त्यांनी दाखवलं. एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखंही गळाली.

आता हिशेब करा. सेलेनियमची रोजची गरज मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाएवढी. असा गहू दिवसाला तीनशे ग्रॅम खाल्ला तर चार मिलिग्रॅमच्या वर पोटात जातं. सेलेनियम, अ जीवनसत्त्व या कामाच्या गोष्टी, पण जास्त झाल्या की त्याच केस पाडतात. म्हणून जाहिरात पाहून केसांच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आणि एकाच गावात पाच-दहा जणांचे केस एकदम जाऊ लागले तर गप्प बसू नका, आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

तेल, माका आणि कांदा

घरगुती उपाय सगळेच टाकाऊ नाहीत. ओल्या बांधावरचा माका उपटून धुवायचा, ठेचून रस काढायचा, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मंद आचेवर पाणी आटेपर्यंत कढवायचा. हे तेल लावल्याने केस मऊ राहतात, डोकं शांत वाटतं. चाई जाईल असं मात्र नाही. शिकेकाई, रिठा चांगलेच, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका.

कांद्याचा रस इराकमधल्या डॉक्टरांनी चाईवर लावून पाहिला होता. २००२ साली तो अभ्यास छापून आला. रस दिवसातून दोनदा लावलेल्या २३ जणांपैकी २० जणांचे केस सहा आठवड्यांत उगवले, नुसतं पाणी लावलेल्या १५ पैकी फक्त दोघांचे. अभ्यास लहान आहे, त्यामुळे खात्री देता येत नाही. पण स्वस्त आहे. लावून पाहा, आग झाली की धुऊन थांबा.

दोन महिन्यांत फरक नाही, चट्टे वाढताहेत, मूल आहे, खवले आहेत, तर शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा. पुढे पाठवलं तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जाता येईल. चाईच्या चट्ट्यात बारीक सुईने देण्याचं औषध असतं, त्याने अनेकांचे केस येतात. म्हसा यात्रेत किंवा आठवडे बाजारात हजार रुपयांची बाटली घेण्याआधी हा केसपेपर काढा. आणि गावात कोणाच्या पोरीच्या डोक्यावर चट्टा दिसला तर तिच्या सोयरिकीत खोडा घालू नका. चाई लागट नाही, हे चार जणांना सांगा.