दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन कॅरिबियनला

२९ जून २०२४ला बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतर ‘बेरिल’ चक्रीवादळामुळे विमानतळ बंद झाला आणि जगज्जेता संघ हॉटेलात अडकून पडला, हेही बऱ्याच जणांना आठवत असेल. कॅरिबियनची सहल ठरवताना हॉटेलच्या आधी कॅलेंडर उघडायचं, ते यासाठी.

तिथला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. म्हणजे दिवाळीची सुट्टी बेभरवशाचीच. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हवा झकास, पण थंडीला वैतागलेली अमेरिका तेव्हाच तिकडे लोटते आणि दर गगनाला भिडतात. मे महिना मात्र हातचा सोडू नये. गर्दी ओसरलेली, भाव उतरलेले, वादळं अजून लांब, आणि महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी! अमेरिकेतल्या बऱ्याच मुलांच्या शाळा जून उजाडल्यावर सुटतात. त्यांनी अरुबा, बोनेर, कुरासाव या व्हेनेझुएलाजवळच्या बेटांचा विचार करावा. वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून ती बरीच दक्षिणेला आहेत.

आता प्रश्न मुलांचा. या वयात किड्स क्लबमध्ये बसून चित्रं रंगवायची लाज वाटते आणि आईबाबांसारखं खुर्चीत लोळत पडणंही जमत नाही. खाणंपिणं सगळं एकाच पैशात देणाऱ्या रिसॉर्टचा मोह पडतो खरा, पण तरणतलाव, घसरगुंडी आणि हवं तेवढं आइस्क्रीम यांसाठी अर्धं जग ओलांडायची गरज नाही, लोणावळ्यातही भागतं. या वयाच्या मुलांना काहीतरी स्वतः करून बघायचं असतं. म्हणून माझं मत सेंट जॉनला.

हे अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समधलं छोटं बेट. १९१७ साली अमेरिकेने ही बेटं डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून घेतली. लॉरेन्स रॉकफेलर यांनी दिलेल्या जमिनीवर १९५६मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि आज निम्म्याहून अधिक बेट त्यात मोडतं. त्यामुळे किनाऱ्यांवर उंच हॉटेलांची रांग नाही. विमानतळही नाही, शेजारच्या सेंट थॉमसला उतरून रेड हुकच्या धक्क्यावरून फेरी घ्यायची, की वीसेक मिनिटांत क्रूझ बे. पुढे जीप भाड्याने. गाड्या अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे, आणि चालवायचीही रस्त्याच्या डाव्या बाजूने. न्यू जर्सीहून गेलेले बाबा गोंधळतात आणि मागच्या सीटवरची मंडळी खूश होतात.

ट्रंक बेच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली चक्क माहितीफलक लावलेले आहेत. तोंडात स्नॉर्केलची नळी धरून पोहत जायचं आणि प्रवाळांची माहिती खाली बघत वाचायची. पण सगळी मजा मुखवट्यावर अवलंबून असते. मोठ्यांचा मुखवटा दहा वर्षांच्या चेहऱ्यावर बसत नाही, पाणी आत शिरतं, नाकात मीठ जातं आणि पोर पुन्हा समुद्राचं नाव काढत नाही. त्यामुळे मुखवटा आधीच विकत घ्यावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. तो चिकटून राहिला तर मापाचा. मध्ये केस आले तरी पाणी झिरपतं, तेव्हा झिपऱ्या मागे बांधाव्या. मग आठवडाभर घराजवळच्या तलावात सराव. कोकणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी बघूनच पाण्यात उतरायचं हे आपल्या अंगवळणी पडलेलं. इथे भरती-ओहोटीत जेमतेम फूटभराचा फरक. मात्र हिवाळ्यात उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात, त्या दिवशी उत्तर किनारा टाळावा.

माहो बेच्या उथळ पाण्यात समुद्री गवत आहे आणि ते चरायला हिरवी कासवं येतात. कासव दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येतं. त्याच्या मागे न लागता एका जागी तरंगत राहिलं, तर ते आपणहून जवळून जातं. हात लावायचा नाही, हे मात्र मुलांना आधीच बजावून ठेवावं.

खाऊची पिशवी वाळूवर उघडी टाकू नये, कारण मुंगूस येतं. तेही मूळचं आपल्याकडचं! १८७२ साली उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली आणि तिथून ती बेटोबेटी पसरली. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा. उंदीर राहिले ते राहिलेच, मुंगसांनी पक्ष्यांची आणि कासवांची अंडी मात्र फस्त केली. पर्यावरणाचा हा धडा त्या वयाला चटकन कळतो. मॅन्चिनील नावाचं झाडही मुलांना ओळखता यायला हवं. फळ हिरव्या सफरचंदासारखं, पण जहरी. चीक लागला तर कातडीवर फोड येतात. पावसात त्याच्या आडोशाला उभं राहणंही नको.

काही किरकोळ गोष्टी. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन असलेल्या सनस्क्रीनवर तिथे २०२०पासून बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घ्यावं आणि लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालावे. वाणसामान महाग आहे, शाकाहारी घरांनी स्वयंपाकघर असलेली जागा घेऊन डाळ-तांदूळ बरोबर न्यावे. बेटाच्या काही भागांत फोन समोरच्या ब्रिटिश बेटांचा सिग्नल पकडतो आणि रोमिंगचं बिल चढतं. मुलांचे फोन विमान मोडवर टाकलेले बरे.

शेवटी कागदपत्रं. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांसाठी सेंट जॉन म्हणजे देशातलाच प्रवास, तरी परतताना विमानतळावर तपासणी होते. पासपोर्ट आणि मंजुरीचा कागद मुलांसकट सगळ्यांचा हवा. बार्बाडोस, जमैकाला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर अमेरिकेत परतण्याआधी नवा व्हिसा घ्यावा लागतो. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना सेंट जॉनसाठी अमेरिकेचा व्हिसा लागेलच, आणि बार्बाडोसला लंडनमार्गे जाताना विमान बदलण्याचे नियम बघावे लागतील. तेव्हा तिकिटं काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टवरच्या तारखा एकदा तपासून घ्या. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांतच संपतात.